सामनेवाला

"सामनेवाला म्हणजे कोण, एवढं आधी सांगा," बाई म्हणाल्या.

वकीलसाहेब एकदम खुशीत आले. पक्षकार येतात ते बहुधा रडत नाहीतर भांडत. ही बाई चक्क शब्दांचे अर्थ विचारत होती. असा पक्षकार मिळायला नशीब लागतं!

"ज्याच्याविरुद्ध अर्ज केला तो सामनेवाला. अर्ज करणारा तो अर्जदार. यात चोर-शिपाई काही नसतं हं! लोक उगाच धसका घेतात. एखाद्याच्या घरी नोटीस आली की निम्म्या गल्लीला वाटतं, हा आता तुरुंगात जाणार."

बाई हसल्या. वकीलसाहेबांनी सवयीनं पेनासाठी हात पुढे केला, तर पेनं जागेवर नव्हती. खिडकीही आज भलत्याच बाजूला वाटत होती. शिपायाला आवराआवरीचा झटका आला की तो असले उद्योग करून ठेवायचा. संध्याकाळी त्याची चांगली खरडपट्टी काढायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक तरुणी मांडीवर पिशवी घेऊन गप्प बसली होती. नवी शिकाऊ वकील असणार.

"अगं, नुसती बघतेस काय? लिहून घे की. कॉलेजात हे कोणी सांगणार नाही."

"हो," ती म्हणाली. लिहिलं मात्र काहीच नाही. हल्लीच्या पोरांना सगळं आयतं हवं, वकीलसाहेबांना वाटलं.

"तर तुमचा अर्ज कसला आहे?" त्यांनी बाईंना विचारलं.

"एक वयस्कर गृहस्थ आहेत. त्यांना आता आपलं भलंबुरं कळत नाही, असं त्यांच्या मुलीचं म्हणणं आहे. कोर्टानं तिला त्यांची पालक नेमावं, असा अर्ज आहे."

"म्हणजे मुलगी अर्जदार आणि बाप सामनेवाला! अरेरे." वकीलसाहेबांना खरंच वाईट वाटलं. "एकदा पालक नेमला ना बाई, की संपलं. कुठं राहायचं, घर ठेवायचं की विकायचं, औषध कुठलं घ्यायचं, काही म्हणजे काही त्या माणसाच्या हातात उरत नाही."

"मुलगी म्हणते, ते घरातून निघून जातात. शोधून आणावं लागतं."

"रस्ता कोण चुकत नाही हो? आणि 'म्हणते' म्हणजे पुरावा नव्हे. उलटतपासणीत टिकला तर पुरावा."

"उलटतपासणी म्हणजे आरडाओरडा करून विचारतात, तीच ना?"

"छे छे! तो सगळा नाटकातला प्रकार." वकीलसाहेब खुर्चीत पुढे सरकले. "खरा वकील गोड बोलतो. गप्पा मारता मारता हळूच नेमकं विचारतो. आपण काय बोलून बसलो, हे समोरच्याला घरी गेल्यावर कळतं."

बाईंनी मान डोलावली. "तुम्हाला मुलं किती?"

"एकच मुलगी. शाळेत जाते. भारी चौकस कार्टी! जेवायला बसलं की सुरू. बाबा, जामीन म्हणजे काय? बाबा, तहकूब म्हणजे काय? तिला सांगता सांगता माझं ताट गार होतं, आणि तिची आई आम्हा दोघांवर डाफरते."

ते मनापासून हसले. कोपऱ्यातल्या तरुणीनं नाक पुसलं.

"सर्दी झालीय का गं? घरी जा हवं तर."

तिनं नुसतीच मान हलवली.

"मग त्या गृहस्थांच्या बाबतीत काय व्हायला हवं?" बाईंनी विचारलं.

"न्यायाधीशांनी त्यांना स्वतः भेटायला हवं. भरल्या कोर्टात उभं करून नव्हे, आपल्या खोलीत, निवांत बसवून. त्यांचं म्हणणं ऐकून घ्या ना! न ऐकता एखाद्याचा हक्क काढून घ्यायचा, ही काय रीत झाली?" त्यांचा आवाज चढला. कधी न पाहिलेल्या त्या म्हाताऱ्यासाठी त्यांचा जीव कळवळला. "ही केस मी घेतो. उद्याच आणा त्यांना. हरलो तर काळा कोट उतरवून ठेवीन."

बाई थोड्या पुढे झुकल्या.

"एक शेवटचं विचारते. आज तुम्ही इथं कशासाठी आलात?"

"मी?" वकीलसाहेबांना हसू आवरेना. "अहो, मी कशाला येतोय? तुम्हीच आलात की माझ्याकडे! बरं, आपलं नाव काय म्हणालात?"

बाई उठल्या. टेबलाला वळसा घालून आल्या, वकीलसाहेबांना उठायला हात दिला आणि कोपऱ्याकडे वळल्या.

"तुमचा अर्ज मी मंजूर करते आहे," त्या म्हणाल्या. "वडिलांना जपून घरी न्या."