सँडलवरची चमकी

विम्याचे खोटे दावे पकडण्यात बावीस वर्षं घालवलेल्या बाबांना सुट्टीतही सुट्टी नव्हती. सकाळी हॉटेलच्या खोलीत लेकीच्या सँडलला चंदेरी चमकी चिकटलेली दिसली आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. असली चमकी गच्चीवरच्या डान्स क्लबात उधळतात, हे त्यांनी लिफ्टमधल्या जाहिरातीत पाहिलं होतं. आणि काल ते स्वतः जेवून लगेच घोरायला लागले होते.

“आज संध्याकाळी सगळेच गच्चीवर जाऊ. आठपर्यंत मुलांनाही सोडतात,” ते सहज सुचल्यासारखं म्हणाले. दारावरचा माणूस पोरीला ओळखतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

“सोळा वर्षांच्या पोरीला असल्या ठिकाणी नेणार तुम्ही?” आई कडाडली. “बापाला शोभतं का हे?”

पोरगी मात्र गप्प. त्या गप्प बसण्यानं तर बाबांची खात्रीच पटली.

संध्याकाळी दारावरच्या माणसानं एरवी न दिसणारा शिक्का शोधायला पोरीचं मनगट निळ्या दिव्याखाली धरलं. मनगट कोरं होतं.

“ही नवीन दिसते. तिकीट लागेल.”

बाबा चांगलेच ओशाळले. “तीन द्या,” ते म्हणाले.

“दोनच,” तो मागे उभ्या असलेल्या आईकडे बघून ओळखीचं हसला. “मॅडमचा कालचा शिक्का आठवडाभर चालतो.”

“तरी सांगत होते आई,” पोरगी पुटपुटली, “स्वतःच्या चपला घालून जा.”