अद्याप नोंद नाही

“यापुढे या होमपेजवर राज्य वापरणाऱ्याचं!” विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी कक्षाच्या संचालकांनी टेबलावर मूठ आपटली. पाण्याचा पेला हिंदकळला. मग पडद्याकडे बघत त्यांनी विचारलं, “माझा फोटो आणखी मोठा होईल ना?”

डिझायनर बाईंनी उत्तर टाळलं. गेले काही दिवस त्या माजी विद्यार्थ्यांना संगणकासमोर बसवून मागे उभ्या राहत होत्या. कोण काय शोधतं ते बघत होत्या. संचालकांचं मनोगत पहिल्याच पानावर होतं. त्यावर कुणी थांबत नव्हतं.

“एक गृहस्थ थांबले होते, सर,” त्या म्हणाल्या. “पण तेव्हा त्यांचा फोन वाजला होता.”

शेजारी बसलेल्या उपसंचालकांना खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

“मग लोक जातात कुठे?”

“त्याच पानावर शेजारी निधनवार्ता आहेत, तिकडे. आपल्या वर्गातलं कोण गेलं ते बघतात आणि पान बंद करतात. म्हणून नव्या आराखड्यात मी निधनवार्ताच सगळ्यात वर घेतल्यात. नाव टाकलं की लगेच कळतं.” बाई जरा घुटमळल्या. “आणखी एक आहे. कुणीतरी रोज सकाळी तिथे एकच नाव शोधतं. शोधणारा कोण ते आम्हाला दिसत नाही. नाव दिसतं.”

“कुणाचं?”

“तुमचं, सर.”

संचालकांनी खुर्ची पुढे ओढली.

“आणि उत्तर काय येतं?”

“‘अद्याप नोंद नाही.’”

“त्यात तो ‘अद्याप’ कुणी घुसडला?”

“पदवी प्रमाणपत्रांच्या पानावरून उचललेलं वाक्य आहे, सर. जुनंच. तिथे ते शोभायचं.”

त्या दिवसापासून संचालकांना सगळ्यांच्या बोलण्यात काळंबेरं दिसू लागलं. उपसंचालकांनी “सर, तब्येत बरी ना?” असं फारच आपुलकीनं विचारलं. दुपारी संचालक जेवून परतले, तर उपसंचालक त्यांच्याच खुर्चीत बसून तिची उंची जुळवत होते. “कुरकुरत होती, सर. म्हटलं बघावं.” खुर्ची आजवर कधी कुरकुरली नव्हती. संध्याकाळी शिपायानं दारातून डोकं आत घातलं आणि विचारलं, “अजून आहात का?” त्याला फक्त कुलूप लावायचं होतं.

“चेहरा बघा कसा झालाय,” घरी बायको म्हणाली. “एकदा दादांशी बोलून घ्या. दोघांचीही वयं झाली आता.”

“तो मोठा आहे ना? मग त्यानं करावा फोन.”

वडील गेल्यावर त्यांचं मनगटी घड्याळ कुणी ठेवायचं, यावरून भावाभावांचं बोलणं बंद झालं होतं. घड्याळ त्याच्याही आधीपासून बंद होतं.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी बाईंना बोलावून घेतलं. “त्या निधनवार्ता काढा. होमपेज आहे की स्मशान?”

“पण सर, लोकांना तेच लागतं. राज्य वापरणाऱ्याचं, असं आपणच...”

“राज्य त्याचं. राजा मी!”

निधनवार्ता आतल्या कुठल्याशा पानावर ढकलल्या गेल्या. रिकाम्या जागेत संचालकांचा फोटो आला. बाईंनी एवढंच पदरात पाडून घेतलं, की पानाच्या तळाशी मदतीसाठी एक फोन नंबर राहील. कक्षात बाहेरून थेट लागणारा फोन एकच होता, संचालकांच्या टेबलावरचा. कोण करतंय फोन, म्हणून त्यांनी मान डोलावली.

नवं पान सुरू झालं त्या सकाळी संचालक आपल्याच फोटोसमोर बसले होते. फोटो पडदाभर होता. चांगला होता. जरा जास्तच चांगला. मागे उरलेल्यांनी निवडावा तसा. त्यांनी नजर वळवली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तो वाजू शकतो हेच ते विसरले होते.

“पहिल्या पानावरच्या निधनवार्ता कुठे नेल्यात हो?” पलीकडचा आवाज घोगरा होता. “मला एक नाव बघायचं असतं. रोज बघतो मी.”

हाच तो.

“कशाला... कशाला बघायचं असतं?”

“ते तुम्हाला काय करायचंय? ‘अद्याप नोंद नाही’ असं दिसलं की माझा चहा घशाखाली उतरतो. आज पान उघडलं, तर निधनवार्ता असतात त्या जागी त्याचाच हा एवढा मोठा फोटो! धस्स झालं ना छातीत. चहा तसाच राहिलाय.”

संचालकांना आवाज ओळखीचा वाटत होता, पण आधी इतका थकलेला नव्हता.

“मग त्यालाच सरळ फोन करायचा,” ते कसेबसे म्हणाले.

“मी का करू? मी मोठा आहे!”

उपसंचालक दारात येऊन उभे होते. संचालकांनी हातानंच त्यांना जायला सांगितलं. मग त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

“दादा,” ते म्हणाले.

पलीकडे घसा खाकरल्याचं ऐकू आलं. कपबशी वाजली. कुणीतरी सावकाश एक घोट घेतला.

“आहेस तर,” दादा म्हणाला. “मग तो फोटो तेवढा लहान कर.”