मापावरचा घड

पिंपळगावच्या शेडमध्ये एक तराजू, चाळीस रिकाम्या पेट्या आणि नववीची आठ मुलं होती. परदेशी जाणारा माल कसा भरायचा ते शिकायला शाळेने त्यांना दर शनिवारी शेडचे मालक धोंडीरामशेठ यांच्याकडे पाठवायचं ठरवलं होतं. लंडनला जाणारी ही पहिलीच द्राक्षं. प्रत्येकाने पाच पेट्या भरायच्या, वर आपला नंबर लिहायचा आणि वजन बरोबर पाच किलो ठेवायचं.

सात नंबरच्या सगुणाची शेवटची पेटी शेठनी सहज तराजूवर ठेवली. पाच किलो शंभर ग्रॅम भरली.

"जास्तीचा घड टाकला का गं? पाचही पेट्यांत?"

"मापाला माप कसं द्यायचं, शेठ? आमची आई बाजारात वर थोडं टाकल्याबिगर कुणाला काही देत नाय."

"हा सायखेड्याचा बाजार नाय, पोरी. पुढच्या शनिवारपासून तू शाळेतच बस."

पुढेमागे इथेच नोकरी लागेल, असं सगुणाने घरी सांगून ठेवलं होतं. ती दप्तर उचलून निघाली. पेट्या बंद झाल्या होत्या, ट्रक दारात होता. त्या तशाच गेल्या.

महिन्याभराने लंडनहून तार आली. बोटीवरच्या तेवीस दिवसांत द्राक्षांतलं पाणी उडालं होतं. पस्तीस पेट्या प्रत्येकी चार किलो नऊशे ग्रॅम भरल्या. सात नंबरच्या पाच पेट्या प्रत्येकी पाच किलो.