बाहुलीचे उपचार

खण्णकन डब्याचं झाकण फरशीवर आपटलं, गरगरत टेबलाखाली गेलं आणि थांबलं. सगळ्यांनी श्वास रोखून तिच्याकडे पाहिलं. सासूबाईंचा हात हवेतच राहिला. नवरा अर्ध्या दाढीनिशी धावत आला.

"काय बघताय? झाकण पडलंय, आभाळ नाही!"

"बसतेस का जरा? पाणी देऊ?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, मला काहीही झालेलं नाही!"

या काळजीचा तिला वीट आला होता. चौकात ट्रकने तिच्या गाडीला कडेने धडक दिल्यापासून जरा खुट्ट झालं की तिच्या हातापायांतलं बळ जायचं. म्हणून घराने आवाजच बंद केले. दारावरच्या घंटेची तार काढली. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढवले. सासूबाई तर शिंकायलासुद्धा बाल्कनीत जात.

आणि ती भीती जावी म्हणून चाललेले ते उपचार! डॉक्टरीणबाईंसमोर बसायचं, तो ट्रक मनात आणायचा आणि त्यांची दोन बोटं डावी-उजवीकडे फिरतील तशी नजर फिरवायची. मान हलवायची नाही. मग बाई विचारणार, "आता काय दिसतंय?"

"तुमची बोटं!" ती एकदा फाडकन म्हणाली होती. बाई हसल्या आणि बोटं पुन्हा फिरू लागली.

घरी येऊन ती नवऱ्याला हे सगळं हातवारे करून दाखवायची. "आता बोटं बघून बरं व्हायचं! काय एकेक थेरं!" त्यांची छोटी लेक ठमी डोळे मोठ्ठे करून ऐकायची. धडकेच्या वेळी तीही मागच्या सीटवर होती, बाहुलीला घेऊन. तिला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. 'पोरगी सुखरूप', एवढं म्हणून तिचा विषय संपला होता. आता ती बाहुलीला भिंतीला टेकवून बसवायची आणि तिच्यासमोर बोट फिरवायची. "मान नाही हलवायची हं. काय दिसतंय?" आईचा पारा चढायचा. "ठमे, माझी नक्कल बंद कर!"

आज मात्र झाकणाचा एवढा आवाज होऊनही आई जागची हलली नव्हती. ट्रक आठवला, पण लांबचा, निघून गेलेला. पडलं होतं ते नुसतं झाकण.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "मी दचकलेच नाही."

सासूबाईंनी हातातला डबा ओट्यावर मुद्दाम दणकन आदळला. ती खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी.

"ठमे, ते झाकण दे गं."

झाकण काही आलं नाही. ती वैतागून खाली वाकली. ठमी टेबलाखाली भिंतीला चिकटून बसली होती, दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून. झाकण तिच्या पायाशी होतं. मांडीवर बाहुली.

"बाहुली आता दचकत नाही, आई," ती हळूच म्हणाली. "तूपण नाही. मग मीच का?"