उमेदवाराचा गळा

शुक्रवारी माझ्या दवाखान्यात नगरपालिकेचे उमेदवार निशिवाकी आले. बरोबर सावादाबाई होत्या. पांढरे हातमोजे घालून प्रचाराच्या गाडीतून दिवसभर त्यांचं नाव पुकारण्याचं काम बाईंचं. "नमस्कार डॉक्टर," बाई म्हणाल्या, तेव्हा बेडकाला खोकला झाल्यासारखं वाटलं. मी खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली.

"मी नाही हो, ह्यांना तपासा."

निशिवाकींच्या घशात आरसा घालून मी नीट पाहिलं. "तुमचा गळा ठणठणीत आहे."

"तेच तर दुखणं आहे!" ते खणखणीत आवाजात ओरडले. "परवा मतदान. माझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या त्या तोकुनागाचा आवाज बुधवारीच बसला. आता म्हाताऱ्या त्याचा हात धरून रडतात, 'किती राबलास रे आमच्यासाठी!' आणि मला विचारतात, 'काय निशिवाकी-सान, झोप झाली का?' काहीही करा, पण माझा आवाज बसवा."

"बाईंचा बसलाय की."

"त्यांचा बसून काय उपयोग? मतं मला हवीत."

मी कागदावर लिहून दिलं : बाईंना दोन दिवस सक्तीची सुट्टी. गाडीतून आपलं नाव आपणच पुकारावं, सकाळी आठ ते रात्री आठ.

कागद वाचून निशिवाकींचा चेहरा पडला. "ह्यानं नक्की गुण येईल?"

"हमखास," मी म्हणालो. "पेशंटचं नाव सांगता येत नाही, पण मंगळवारी एक उमेदवार हेच लिहून घेऊन गेले. बुधवारी गुण आला."