एक बाण, तीन हात

बाण आपोआप हलत होता.

तिनं माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. तरीही तो हलतच होता. बाबांच्या कॉम्प्युटरचा पडदा तिच्या लॅपटॉपवर उघडा होता. त्यावरचा छोटा पांढरा बाण सरळ वर गेला आणि त्यानं बँकेचं पान उघडलं. बाबांचा बाण असा सरळ चालत नसे. आयुष्यभर शिंपीकाम केलेल्या माणसाच्या हातात सुई कधी थरथरली नव्हती, पण माऊस धरला की बाण पडदाभर भरकटायचा. हा हात दुसऱ्याच कुणाचा तरी होता.



भर दुपार होती. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत ती गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची. खुर्ची रिकामी होती, तेवढ्यात बाबांचा प्रिंटर मार्गी लावावा म्हणून ती इथूनच त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरली होती. बाबा दूर, दुसऱ्या गावात, एकटे. आईला जाऊन आठ महिने झाले होते.

तिनं फोन लावला. व्यस्त; बाबा दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होते. पुन्हा लावला. तेच.

मग तिला पडद्याच्या कोपऱ्यात ती अनोळखी चौकट दिसली. कुणीतरी फोनवर गोड बोलून बाबांकडून आपलं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं होतं आणि घरात शिरलं होतं.

आणि बाबांना परक्या कुणाची मदत घ्यावी लागू नये म्हणूनच तर तिनं एवढा खटाटोप केला होता! चिकट गिऱ्हाईक फ्रेम निवडतं तशी तिनं दुरून कॉम्प्युटर चालवायची तीन सॉफ्टवेअर घासूनपुसून पाहिली होती. पहिलं त्यांनी बरेच दिवस वापरलं. त्यात बाबांनी लांबलचक आकडा फोनवर वाचून दाखवायचा, मग ती आत. गप्पा निघून दर वेळी पाऊण तास मोडायचा. दुसऱ्यात बाबांनी नुसतं ‘हो’ दाबायचं होतं, पण त्यासाठीही आधी फोन करावा लागायचा. तिसऱ्यात काहीच नको, फोनसुद्धा नको. ती हवी तेव्हा आत जायची, काम उरकायची, बाहेर पडायची. बाबांना खुर्चीतून उठायलाही लागत नसे. महिनाभर सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

बँकेच्या पानावर बाबांचं नाव आलं. पायानं शिलाई मशीन चालवून त्यांनी जे काही गाठीला बांधलं होतं, ते सगळं त्या एका पानामागे होतं.

तिनं बाण खेचला. पलीकडच्यानंही खेचला. बाण मधल्यामध्ये लटपटू लागला. तिनं घाईघाईनं कोरं पान उघडून टाइप केलं, ‘बाबा, फोन ठेवा. मी आहे.’ पान बंद झालं. तिनं पुन्हा उघडलं. पुन्हा लिहिलं. या वेळी ते कुणी बंद केलं नाही. खाली एकेक अक्षर उमटू लागलं. एका बोटानं, शोधून शोधून, बाबा लिहीत होते.

‘चोरा चालता हो.’

तो माणूस बाबांना फोनवर तिच्याबद्दल काय सांगत होता, ते तिला कळलं.

“काय गं, भूत पाहिलंस की काय?” दारातून दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं. “गिऱ्हाईक थांबलंय.”

तिनं नुसता हात वर केला. माऊस सोडला. कीबोर्डच्या बटणांवरून बाबांचं मशीन बंद करण्याची आज्ञा दिली. ‘खरंच बंद करायचं?’ अशी चौकट आली. बाण ‘नाही’कडे धावला. तो पोहोचायच्या आत तिनं जोरात बटण दाबलं.

पडदा काळा झाला. आता तिलाही आतलं काही दिसत नव्हतं. पैसे गेले की राहिले, काही कळायला मार्ग नव्हता. ती फोन लावत राहिली. नवव्या खेपेला बाबांनी उचलला.

“अगं, बरं झालं फोन केलास! मशीनच बंद पडलं. चोर शिरला होता.”

“बाबा, ती मी होते! तुम्ही त्याला बँकेच्या मेसेजमधला आकडा सांगितलात?”

“आत्ताच आला. वाचणार तेवढ्यात...” बाबा थांबले. “तू होतीस? आणि मी तुला चालता हो म्हटलं?”

“कुणालाही सांगू नका तो आकडा. मी आता बँकेत फोन करते.” भीतीचा सगळा राग झाला. “अहो, पण अनोळखी माणसाचं इतकं ऐकलंत तरी कसं? असा काय बोलला तो?”



“विशेष काही नाही गं,” बाबा म्हणाले. “म्हणाला, काम होईपर्यंत फोन ठेवू नका. मी म्हटलं, सावकाश होऊ द्या.”