बोटाजवळचा सेन्सर

बजर वाजला, पण बोट चंदाचं होतं. मग तिनं बापाचं बोट उचलून सेन्सरवर टेकवलं. पुन्हा वाजला. बोट बाजूला ठेवलं, तसा बजर गप्प झाला.

"आता तुमी लावा, बा. नुस्तं सरकवा."

रायभान बाजेवर उताणा पडला होता. लकवा मारल्यापासून वाचा गेली होती, अंगही गेलं होतं. उजव्या हातात थोडा जीव असेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या 'असेल'वर पॉलिटेक्निक शिकलेल्या चंदानं सगळा घाट घातला. रुपयाएवढा टच सेन्सर बाजेच्या लाकडाला चिकटवला. त्याच्या तीन वायरी अर्डुइनो नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला जोडल्या. बोर्डापासून लांब वायर ओढून बजर मागच्या मेंढवाड्यात टांगला. मायलेकी दिवसभर तिकडंच राबायच्या. बाला तहान लागली, कूस बदलायची झाली, तर बोट तिळभर सरकलं तरी पुरे होतं.

दिवस गेले, बोट सरकलं नाही. चंदा सेन्सर आणखी जवळ आणत राहिली, बोर्ड बंद करून पुन्हा चालू करत राहिली. मेंढवाड्यातून येऊन बघावं तर बाचे ओठ तडकलेले, अंथरूण ओलं, पाठीवरची जखम चिघळलेली. बजर मात्र मुका.

"सोड, पोरी," तिची आई अंबाबाई म्हणाली. "तेंच्या हातात जीव न्हाई राह्यला. ह्या वायरी बघितल्या की मला लय वंगाळ वाटायलंय."

मेंढरांना पाणी पाजून झालं की सगळं उचकटून टाकायचं, असं चंदानं ठरवलं.

ती हौदापाशी होती, तेव्हा बजर वाजला. थांबेचना. कुठंतरी वायरीला वायर चिकटली असेल, असंच तिला वाटलं. तरी ती पळाली.

घरात अंबाबाई बाजेशेजारी पडली होती. उन्हातून आत येताच भोवळ येऊन ती कोसळली होती, कपाळ फुटलं होतं. रायभानचे डोळे तिच्यावर खिळले होते. बोट सेन्सरवर होतं, आणि इतकं दाबलेलं की नख पांढरं पडलं होतं.

चंदानं आईच्या तोंडावर पाणी मारलं, कपाळाला फडकं बांधलं. अंबाबाईनं डोळे उघडले, तेव्हा कुठं चंदा बापाकडं वळली.

"बा, बोट हलतंय की तुमचं. मग इतके दिस का न्हाई वाजवलं?"

रायभानची नजर अंबाबाईच्या बांधलेल्या कपाळाकडं गेली. तिनं चमच्यानं त्याच्या तोंडात पाणी घातलं. तो पीतच राहिला. तांब्या रिकामा झाला.

"आता तहान लागली की असंच दाबायचं," ती म्हणाली.

रायभाननं डोळे मिटले. मग आपल्याच बळानं, हळूहळू, बोट सेन्सरवरून बाजूला घेतलं. तिकडं मेंढवाड्यात बजर थांबला.